लाल डॉल्फिन आकाशी करताना: फायबरच्या गाडीला घरी नवा रंग

सांगलीच्या गावभागात मामांच्या घरासमोर एक लाल डॉल्फिन गाडी बरीच वर्षं उभी होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा ती काचांपर्यंत पाण्यात होती. पूर ओसरला. गल्लीतल्या पत्र्याच्या दोन गाड्या पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत खालून कुजत गेल्या आणि शेवटी भंगारात गेल्या. डॉल्फिनचा रंग तेवढा उन्हानं विटून गुलाबी पडला होता. दारं, बोनेट, मडगार्ड यांना कुठं भोक नव्हतं की गंजाचा डाग नव्हता. कारण तिचं सगळं अंग फायबरचं.

गेल्या हिवाळ्यात ती गाडी मी आमच्या विश्रामबागच्या घरी आणली आणि लालची आकाशी केली. तेव्हापासून माझ्याकडं येणारे प्रश्न बहुतेक एकाच वळणाचे असतात: कुठला रंग, किती हात, रंग फवारायची कुठली गन? फायबरच्या बाबतीत हे प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवेत. रंग मारायला दीड दिवस लागला. त्याआधीची तयारी साडेतीन आठवडे चालली होती, आणि गाडी आज जशी दिसते ती त्या साडेतीन आठवड्यांमुळं. जीपचं फायबरचं टप असो, बगी असो किंवा एखादी जुनी डॉल्फिन, नियम तेच आहेत.

डॉल्फिन ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. बंगळूरच्या सिपानी कंपनीनं १९८२ मध्ये ही दोन दारांची छोटी गाडी बाजारात आणली. मूळ आराखडा इंग्लंडच्या रिलायंट कंपनीच्या किटन गाडीचा, इंजिन ८४८ सीसीचं. खाली लोखंडी चासी, वर फायबरचं अंग. पुढं १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि डॉल्फिनचं दुकान हळूहळू बसलं. फायबरची गाडी ही कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोलेनं पहिल्या ३०० कॉर्व्हेट बनवल्या त्या याच पद्धतीच्या अंगाच्या, आणि सगळ्याच्या सगळ्या पांढऱ्या.

आधी गिलावा, मग भिंत

आपल्याकडं जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असत. मातीत गवताच्या काड्या नाहीतर भुसा कालवायचे. नुसती माती वाळली की तडकते, काड्या तिला धरून ठेवतात. फायबरग्लासचं गणित हेच आहे. काचेचे केसासारखे बारीक धागे म्हणजे काड्या, आणि पॉलिएस्टर रेझिन म्हणजे माती. हे रेझिन काकवीसारखं दाट असतं. त्यात हार्डनर घातला की ते घट्ट होतं, दुधाला विरजण लावावं तसं. थोडंसं पुरतं, उन्हाळ्यात लवकर लागतं, थंडीत वेळ घेतं. फरक एवढाच की रेझिन लागताना तापतं आणि एकदा लागलं की पुन्हा पातळ होत नाही.

गाडीचा भाग बनवताना काम उलट्या बाजूनं चालतं. साच्याला आतून मेण लावतात, म्हणजे माल चिकटून बसत नाही. त्यावर जेलकोट नावाचा गुळगुळीत थर देतात, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. मग काचेच्या धाग्यांची चटई, म्हणजे मॅट, ठेवून वर रेझिन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. लागलं की साच्यातून सोडवून घेतात. घर बांधताना आधी गिलावा करायचा आणि मग त्याच्या पाठीमागं भिंत उभी करायची, असा हा प्रकार.

रंगाच्या पुढच्या सगळ्या अडचणी या उलट्या बांधणीतूनच येतात. साच्यातलं मेण जेलकोटवर उतरलेलं असतं, आणि ज्या भागांना फॅक्टरीत नीट रंग पोचलेला नसतो तिथं ते अजून असू शकतं. जेलकोट कडक असतो आणि पाठीमागची मॅट लवचिक, त्यामुळं अंग वाकलं की मॅट सावरते, जेलकोट तडकतो. आणि मॅट दाबताना जेलकोटच्या मागं हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर वरचा पापुद्रा घासताच तिथं टाचणीच्या टोकाएवढं भोक उघडं पडतं.

वाजवून बघा, वाळवून बघा

पत्र्याच्या गाडीवर कुठं लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरली आहे हे चुंबक लावून कळतं. फायबरला चुंबक चिकटतच नाही. इथं एक रुपयाचं नाणं कामाला येतं. बाजारात मडकं वाजवून घेतो तसं गाडीच्या अंगावर नाण्यानं हलकं ठोकत जायचं. चांगल्या जागी आवाज टणक येतो. थर सुटलेत, आत पोकळी आहे किंवा कुणीतरी जाड लांबी थापली आहे, तिथं आवाज भद्द येतो. असं ठोकत मी सबंध गाडीवर खडूनं गोल काढले. एकूण चौदा गोल निघाले, त्यातले सहा एकट्या डाव्या दारावर. ही एक दुपार कुणीही वाचवू नये.

याच वेळी खाली आडवं होऊन चासीही बघायची. अंग गंजत नाही म्हणून गाडी गंजत नाही असं नव्हे. खालचं लोखंड गेलं असेल तर वरच्या रंगावर घातलेले पैसे पाण्यात.

पाण्यावरून आठवलं. मिरजेतल्या एका जुन्या पेंटरकाकांना मी गाडी दाखवायला नेली. त्यांनी रंगाकडं बघितलंही नाही. चाकाच्या कमानीच्या आत, जिथं मॅटची कड उघडी होती, तिथं बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाळ, ह्या गाडीला आधी वाळव. अंगात पाणी हाय तिच्या."

"काका, कोरडी ठाक आहे की. किती वर्षं उन्हात उभी होती."

"वरनं कोरडीच दिसणार. कडंतनं पाणी पितंय हे. आत राहिलं की रंगाखाली फोड येत्यात, आन मग पुन्हा सगळं खरवडायचं."

त्यांचं म्हणणं तपासायची एक साधी रीत आहे. उघड्या मॅटवर जाड प्लॅस्टिकचा तुकडा ठेवायचा, चारी कडा टेपनं बंद करायच्या आणि एक दिवस-रात्र तसाच सोडायचा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर अंगात ओल आहे. माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही कमानींत दव होतं. मी आतले गालिचे, पुठ्ठे, दारांची अस्तरं सगळं काढलं, शेडमध्ये पंखा लावला आणि बारा दिवस गाडीला हात लावला नाही. तेराव्या दिवशी प्लॅस्टिक कोरडं निघालं. हेअर ड्रायर, हीटगन किंवा ब्लो लॅम्प लावून हे काम लवकर उरकू नये. जुनं पॉलिएस्टर तापलं की मऊ पडून वाकतं, आणि आतली वाफ थर फोडून बाहेर येते.

अळवावरचं पाणी

घासण्याआधी धुवायचं, हा क्रम अजिबात मोडायचा नाही. अंगावर जुनं मेण, पॉलिश, टायरचं चकचकीत तेल, डॅशबोर्डचा स्प्रे यांचा थर असतो. तसाच पॉलिश पेपर फिरवला तर तो थर निघत नाही, उलट ओरखड्यांत खोल बसतो. मग नवा रंग पडल्या पडल्या तिथून बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आधी भांड्यांचा साबण आणि भरपूर पाणी, वाळल्यावर मेण-तेल काढायचं द्रावण. द्रावणाला दोन फडकी घ्यायची, एक ओलं आणि एक कोरडं. ओल्यानं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत कोरड्यानं टिपून घ्यायचं, नाहीतर तेल इकडचं तिकडं होतं एवढंच.

झालं की नाही हे पाणी सांगतं. मगभर पाणी बोनेटवर ओता. अळवाच्या पानावर जमतात तसे थेंब झाले, तर मेण अजून आहे. पाण्याची सलग चादर होऊन ते सावकाश उतरलं, तर जागा स्वच्छ. मला तीनदा धुवावं लागलं. तिसऱ्यांदा बोनेटवर पाणी काचेसारखं पसरलं आणि त्या विटक्या लालात शेडचा पत्रा दिसायला लागला. त्यानंतर मी गाडीला उघड्या हातानं शिवलो नाही, कारण तळहाताचं तेलही पुरतं.

जुना रंग काढावा की ठेवावा, हे तो कुठला आहे त्यावर ठरतं. न दिसणाऱ्या कोपऱ्यात एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाच्या थिनरचा बोळा चोळून बघा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर तो एनसी, ज्याला आपल्याकडं अजून ड्यूको म्हणतात. सुरकुत्या पडून उचलला गेला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर तो टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा दोन भागांचा रंग, नाहीतर सरळ जेलकोटच. इनॅमलवर एनसी रंग मारला तर तो खालच्या थराला उचलतो, म्हणून अशा गाडीवर आधी ते इनॅमल उतरवावं. उतरवायला पत्र्यावर वापरतात तो पेंट रिमूव्हर फायबरला लावू नये. ते रसायन रंग आणि रेझिन यांत भेद करत नाही. रंग फुगतो, त्यासोबत जेलकोटही मऊ पडतो आणि मुरलेलं रसायन पुढं कितीतरी दिवस नव्या रंगाखालून वर येत राहतं.

राहिला पॉलिश पेपर. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. रंग उतरवायला १८०, मग २४०, मग ३२०. ऐंशी नंबर फक्त दुरुस्तीच्या जागी. कडा आणि उभार रेघांवर जेलकोट पातळ असतो, तिथं पेपर लगेच आरपार जातो आणि मॅटचे धागे उभे राहतात. असं झालं तर त्यावर रेझिनचा पातळ हात देऊन ते बंद करावं लागतं. उघड्या मॅटवर ओला पेपर कधीही फिरवू नये, वाळवलेल्या अंगाला आपणच पुन्हा पाणी पाजतो. घासायला बोटं वापरू नयेत, रबरी ठोकळा घ्यावा. बोटांनी घासलेल्या जागी बोटांच्या सऱ्या पडतात आणि त्या चकाकी आल्यावर दिसतात.

या धुळीत काच आहे, हे विसरून चालणार नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा, धुळीचा चांगला मास्क. काम झालं की आधी गार पाण्यानं अंघोळ, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. जमीन झाडायची नाही, पाणी मारून पुसून घ्यायची. आमच्या शेडला लागूनच गच्चीचा जिना आहे आणि आईनं माघातच वाळवणाचा बेत केला होता. मी तिला सांगितलं, की माझं घासणं संपेपर्यंत एकही कुरडई वर जाणार नाही. ती म्हणाली, "मग लवकर संपव." लवकर संपलं नाही, पण वाळवणंही थांबली. काचेचा कण पापडात जाण्यापेक्षा ते बरं.

भेगा

ही माझ्या हातून झालेली चूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो. डाव्या दाराच्या हँडलभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा होत्या. फायबरवर अशा भेगा दोन कारणांनी येतात. आतून धक्का बसला की एका बिंदूतून चांदणीसारख्या फुटतात. आणि बिजागरी, हँडल, आरसा असे जिथं बोल्ट आवळलेले असतात, तिथं रोजच्या ताणानं पसरतात. मी त्या भेगांवर लांबी ओढली, घासून सपाट केली आणि प्रायमर मारला. काम देखणं झालं. दार आठवडाभर उघडझाप केलं आणि प्रायमरच्या वर त्याच भेगा त्याच आकारात उमटल्या.

लांबी भेग झाकते, जोडत नाही. भेगेच्या दोन्ही काठांनी हलायचं थांबवलं नसेल, तर वर काहीही मारा, ते फाटणारच. मग मी सगळं काढलं आणि पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक भेग व्हीच्या आकारात कोरून जेलकोटच्या तळापर्यंत नेली. खाली मॅट शाबूत असेल तर एवढं बस होतं. माझ्या दाराला मॅटवर पांढुरके चट्टे होते, म्हणजे धागे आणि रेझिन एकमेकांपासून सुटलेले. तिथं दाराच्या आतून ऐंशी नंबरनं घासून मॅटचे दोन थर रेझिनमध्ये भिजवून लावले, पहिला लहान, दुसरा त्याहून मोठा. ब्रशनं ठोकून ठोकून हवा काढली. पांढरी मॅट भिजली की पारदर्शक होते. कुठं पांढरं दिसलं तर तिथं हवा आहे. हँडलच्या बोल्टखाली रुंद वायसर घातलं, म्हणजे ताण एका बिंदूवर राहणार नाही. वरच्या व्हीमध्ये दोन भागांची पॉलिएस्टर लांबी भरली. ट्यूबमधली एकाच भागाची एनसी लांबी इथं नको, ती महिनोन् महिने आकसत राहते.

ते दार आजपर्यंत तडकलेलं नाही.

रेझिन विकत घेताना दुकानदार कधी दोन बाटल्या देतो, कधी तीन: रेझिन, हार्डनर आणि रेझिन लवकर लागावं म्हणून घालायचं जांभळट रंगाचं कोबाल्ट. हे जिवाचं आहे, नीट वाचा. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच हार्डनर घालायचा. हार्डनरचं प्रमाण साधारण १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळं चष्म्याशिवाय बाटली उघडू नये. आणि एका वेळी खोल डब्यात भरपूर कालवू नये. साचून राहिलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेनं तापून धुमसतं. पसरट ताटलीत थोडं थोडं कालवावं.

प्रायमर

पत्र्याला गंज अडवायला आम्ल असलेला वॉश प्रायमर मारतात. फायबरला गंजच नाही, त्यामुळं तो नको. त्यातलं आम्ल पत्र्याला पकडून बसतं, इथं त्याला पकडायला काही नसतं. इथं आधी एपॉक्सी प्रायमर, तो सगळं बंद करून घेतो, आणि त्यावर जाड थराचा फिलर प्रायमर. प्रायमरनं टाचणीची भोकं भरतील असं मानू नका. प्रायमर भोकावर पूल बांधतो आणि रंगाच्या वेळी तो पूल फुटतो. भोकं आधी लांबीच्या पातळ लेपानं, प्लॅस्टिकच्या पट्टीनं उभं-आडवं दाबून बुजवायची.

प्रायमर वाळला की सगळ्या गाडीवर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ धूर मारायचा. मग ठोकळ्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर. आता पाणी चालतं, कारण खालचं अंग बंद झालेलं आहे. काळं जिथं राहिलं तो खड्डा, आणि जिथं प्रायमर जाऊन खालचा थर दिसला तो उंचवटा. डोळ्याला जे दिसत नाही ते हा धूर दाखवतो. सबंध गाडीचं काळं एकसारखं निघेपर्यंत हे करत राहायचं. मला तीन फेऱ्या लागल्या. शेवटी ६०० नंबर.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारीच्या भोपळ्यावर चपड्याच्या लाखेचं पॉलिश चढवतात. पातळ हात, वाळवणं, घासणं, पुन्हा पातळ हात. त्या दुकानांत कुणीही जाड थर मारून मोकळा होत नाही. या दिवसांत मी तिथं दोनदा जाऊन नुसता उभा राहिलो.

कुठला रंग, आणि कुणी मारायचा

मला बाटलीसारखा गडद हिरवा हवा होता. पेंटरकाकांनी नको म्हटलं आणि कारण पटण्यासारखं होतं. गडद रंग ऊन शोषतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये, पारा चाळिशीकडं जातो तेव्हा, गडद बोनेटला हात लावता येत नाही. जुनं फायबर इतकं तापलं की रेझिन आणखी आकसतं आणि मॅटच्या धाग्यांची नक्षी रंगातून वर उमटते. फिकट रंगात अंग कमी तापतं आणि बारीक चुकाही कमी दिसतात. म्हणून आकाशी. हिरव्याच्या नादात असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: लष्करी ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला द्यायला केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे, जीपवाले बऱ्याचदा इथं फसतात.

लालवरून फिकट रंगावर येताना आणखी एक सावधगिरी. काही जुने लाल रंग नव्या थरात झिरपतात आणि आकाशी जांभळट होतो. एपॉक्सीचा बंद थर तिथंही कामाला येतो. सगळ्या गाडीवर प्रायमरचा रंग एकच असावा, नाहीतर फिकट रंगातून पट्टे दिसतात. आणि रंग बदलताना दारांच्या चौकटी, बोनेटची आतली बाजू, डिकीच्या कडा हे सगळं आलंच. तेच राहिलं तर दार उघडताच जुनी गाडी बाहेर येते.

आता महत्त्वाचं. टिकाऊ रंग म्हणजे टू-के, ज्याला पीयू म्हणतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनमधून त्याचं धुकं उडालं की ते श्वासातून फुप्फुसात जातं आणि कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढं अगदी थोडंही सोसत नाही. त्याला धोक्याची सूचना देणारा वास नसतो, त्यामुळं साध्या कार्बनच्या मास्कनं आपण सुरक्षित आहोत असं वाटतं, ते खरं नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क असेल तरच हा रंग मारावा, आणि तोही घराच्या आवारात नाही, जिथं शेजारी लहान मूल खेळतं. मी घासून, प्रायमर करून तयार झालेली गाडी ट्रॉलीवर चढवून कुपवाडच्या एका बूथमध्ये, म्हणजे गाड्या रंगवायच्या बंद खोलीत, नेली. रंग त्यांनी मारला. तिथं मी एकच हट्ट धरला, की भट्टी लावायची नाही, रात्रभर हवेवर वाळू द्यायचं. पत्र्याला साठ अंश सोसतात, चाळीस वर्षांच्या फायबरला ती परीक्षा नको.

घरीच पूर्ण करायचं असेल तर आयसोसायनेट नसलेला एनसी किंवा ॲक्रिलिक लॅकर घ्यावा. चकाकी कमी टिकते, पण आयसोसायनेटचा धोका नाही. थिनरची वाफ मात्र पेट घेते: आसपास गॅस, उदबत्ती, विजेचं बटण काहीही नको, आणि वाफेचा मास्क हवाच. दिवस निवडताना पावसाळा सोडा, ओल्या हवेत लॅकर पांढुरका पडतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी चांगलं, पण त्याच काळात कारखान्यांचा गाळप हंगाम असतो. कुठंतरी पाचट पेटवलेलं असतं आणि काजळीची काळी पिसं वाऱ्यावर तरंगत येतात. ओल्या रंगावर एक पीस बसलं तरी ते पुसता येत नाही. नदीकाठच्या धुक्यामुळं सकाळ ओली, संध्याकाळी दिव्यावर किडे. म्हणून अकरा ते तीन, वारा पडलेला, शेड तिन्ही बाजूंनी बंद, चौथ्या बाजूनं हवा खेळती आणि जमीन ओली केलेली.

फायबर कोरड्या फडक्यानं पुसलं की केसांत फिरवलेल्या कंगव्यासारखं भारलं जातं आणि धूळ ओढून घेतं. शेवटचं पुसणं किंचित ओलसर, चिकट टॅक कपड्यानं आणि हलक्या हातानं. गन अंगापासून वीतभर, मनगट न वळवता हात सरळ रेषेत, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. पहिला हात विरळच. तो बघून मन खट्टू होतं, खालचं सगळं दिसत असतं, आणि तिथंच लोक जाड मारतात आणि ओघळ येतात. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली लावलेली असावी.

कागदांचं राहिलं. आरसीवर रंगाची नोंद असते, त्यामुळं रंग बदलायच्या आधी आरटीओत चौकशी करून, नंतर नोंद दुरुस्त करून घ्यायची आणि विमा कंपनीलाही कळवायचं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढं दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. कागदावर लाल आणि समोर आकाशी असेल, तर त्या दिवशी गाडी परत पाठवतात.

उरलेला थिनर आणि रेझिनची भांडी गटारात ओतू नयेत, ते शेवटी कृष्णेतच जातं. रेझिन घट्ट होऊ दिलं की ते निरुपद्रवी घन होतं. थिनर झाकणाच्या डब्यात निवळत ठेवला तर वरचा पुन्हा गन धुवायला चालतो.

नव्या रंगातून काही आठवडे थिनर उडत असतो. तोवर प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं नाही, मेण किंवा पॉलिश लावायचं नाही, धुवायचं ते साध्या पाण्यानं आणि सावलीत. आमची गाडी परत आली तेव्हा रंगाला जेमतेम पाच दिवस झाले होते. आई हळद-कुंकू आणि तेलाची वाटी घेऊन बाहेर आली, बोनेटवर स्वस्तिक काढायला. ताज्या रंगात हळद मुरते, आणि सांगलीच्या हळदीचा डाग तर निघतच नाही. मी तिला पुढची काच पुसून दिली. तिनं स्वस्तिक काचेवर काढलं, नारळ चाकापाशी फोडला, आणि दुसऱ्या दिवशी कुरडयांचा घाणा लावला.